सावलीत वाळवायचा फिल्टर

आमच्या समोरच्या गाळ्यातल्या मिस्त्रींना सगळा रस्ता ‘दहामिनिटे’ म्हणतो. एका गिऱ्हाइकाला ते खरंच त्यांचं आडनाव वाटलं आणि मुलीच्या लग्नाच्या पत्रिकेवर त्याने ‘श्री. दहामिनिटे, सहकुटुंब’ असं लिहून आणलं. मिस्त्रींनी पत्रिका निमूट घेतली. सहकुटुंब म्हणजे ते एकटेच, तेव्हा एकटेच जाऊन आले.

नाव पडलं ते त्यांच्या बोलण्यावरून. क्लचची तार तुटली, दहा मिनिटं. हॉर्न वाजत नाही, दहा मिनिटं. इंजिन खाली उतरवायचं काम असलं तरी तोंडातून आधी ‘दहा मिनिटं’ निघणारच, मग डोकं खाजवून दोन दिवस. पण एक खरं, हात फार चलाख. ज्या कामाला दुसरीकडे गाडी सोडून घरी जायला सांगतात, ते काम मिस्त्री माणूस चहा पिऊन येईपर्यंत हातावेगळं करत. लांबलांबून लोक येत ते त्यासाठीच. कुणाला थांबायला लावलं तर त्यांना ती आपली बेइज्जती वाटायची.

माझं दुकान गाड्यांच्या सुट्या भागांचं. वडिलांनी काढलं, ते गेल्यापासून मी चालवते. सुरुवातीला लोक आत येऊन विचारायचे, ‘दुकानात कोणी आहे का?’ मी त्यांच्या नाकासमोर बसलेली. आता कोणी विचारत नाही. विचारलं की काय ऐकून घ्यावं लागतं ते हळूहळू सगळ्यांना कळलंय. सांगायचा मुद्दा, माझं काउंटर आणि मिस्त्रींचा गाळा यांच्यामध्ये फक्त एक रस्ता आहे, आणि तीस वर्षं मला समोर बघण्यावाचून दुसरं काम नाही. तेव्हा जे सांगते आहे ते ऐकीव नाही.

मिस्त्रींची बायको गेली तेव्हा मुलगी नऊ वर्षांची होती. मिस्त्री तिला ‘वायसर’ म्हणत. नटाखाली घालायची ती पत्र्याची चकती असते ना, ती. गोल चेहरा, आणि ठेवाल तिथे चिकटून बसायची, म्हणून वायसर. शाळा साडेचारला सुटायची. मी आठवण केली की मिस्त्री गाडीखालून ओरडून सांगत, ‘निघालोच, दहा मिनिटांत पोचतो!’ आणि परत गाडीखाली. गिऱ्हाइकाची दहा मिनिटं खरी असायची, मुलीची कधीच नसायची. पोर फाटकाशी उभी. शेवटी शाळेचा रखवालदारच कंटाळून तिला माझ्या दुकानात आणून सोडायला लागला.

मग तो रिवाजच झाला. दप्तर माझ्या काउंटरवर, आणि ती मागच्या स्टुलावर. मी तिच्या बापाला हाक मारायची, ‘अहो मिस्त्री, मुलगी आली!’ तिकडून उत्तर, ‘दहा मिनिटं!’ वायसर कधी रडली नाही, रुसली नाही. ‘थांबते मी,’ म्हणायची आणि वही उघडायची. त्या ‘थांबते मी’चा मला इतका राग यायचा की काय सांगू. अगं, जरा आदळआपट कर, भोकाड पसर! पण नाही. अभ्यास झाला की ती माझे खोके लावायला घ्यायची. कुठला भाग कुठल्या गाडीचा हे खोक्यावरच्या नंबरावरून ओळखायला ती माझ्याआधी शिकली. वरच्या फळीवरचं काही हवं असलं की मी वर न बघता तिला नंबर सांगायची आणि ती स्टुलावर चढून बरोबर तोच खोका काढायची.

एकदा तिला शाळेत गणिताचं बक्षीस होतं. मिस्त्रींनी सकाळी दाढी केली, इस्त्रीचा शर्ट खिळ्याला अडकवून ठेवला. समारंभ चारचा. पावणेचारला एक गाडी आली, ‘फक्त पट्टा बदलायचाय.’ मिस्त्री पोचले तेव्हा शिपाई खुर्च्या एकावर एक रचत होता. मी गेले होते. वायसर व्यासपीठाच्या पायरीवर प्रशस्तिपत्रकाची गुंडाळी धरून बसली होती. बापाला बघून उठली आणि म्हणाली, ‘चला.’ बस, एवढंच. त्या दिवसाबद्दल ती पुढे कधी एक अक्षर बोलली नाही. मिस्त्रीही बोलले नाहीत. पण तो इस्त्रीचा शर्ट त्यांनी पुन्हा अंगात घातलेला मी पाहिला नाही.

वायसर मोठी झाली, शिकली, पाच तासांच्या अंतरावरच्या शहरात नोकरीला लागली. कुठल्याशा मोठ्या कंपनीची गोदामं तपासायची नोकरी. आज इथे तर उद्या तिथे. गाडी घेतली, स्वतः चालवते. आमच्या गावावरून जाणारा रस्ता वर्षातून दोनदा तिच्या वाटेत येतो, आणि तेव्हा ती बापाच्या गाळ्यापुढे गाडी लावते. उतरता उतरताच सांगते, ‘बाबा, दहा मिनिटं आहेत हं माझ्याकडे.’

ती टोमणा मारत नव्हती, हे मी शपथेवर सांगेन. तिला खरोखरच तेवढाच वेळ असायचा. पण पहिल्यांदा ते वाक्य ऐकलं तेव्हा मिस्त्रींच्या हातातला पाना खाली पडला. मी म्हटलं, घ्या आता.

या दहा मिनिटांत मिस्त्री काय करणार? तेल बदलायचं तर अर्धा तास हवा. म्हणून त्यांनी काम निवडलं ते एअर फिल्टरचं, इंजिनात जाणारी हवा गाळतो त्याचं. बॉनेट उघडायचं, काळ्या डब्याचे चार खटके काढायचे, आतला कागदी फिल्टर उचलायचा, नवा ठेवायचा, खटके लावायचे. पाच मिनिटांचं काम. वर्षाकाठी एकदा बदलला तरी पुरतो, पण मिस्त्री दर खेपेला बदलत. उरलेली पाच मिनिटं ते जुना फिल्टर हातात धरून तिला दाखवत.

‘हे बघ. घडीत लाल माती आहे. खाणीकडे जाऊन आलीस.’

‘हो बाबा.’ तिचं लक्ष फोनमध्ये.

‘आणि ही करडी पूड. सिमेंट. तू रोज जातेस त्या वाटेवर बांधकाम सुरू झालंय मोठं.’

‘पूल बांधतायत.’

‘काच वर ठेवत जा तिथून जाताना.’

‘हो. चला, निघू मी?’

एवढाच संवाद. मग गाडी वळणावर दिसेनाशी होईपर्यंत मिस्त्री रस्त्यात उभे. तेवढ्यात कुणी हॉर्न वाजवला तर मी दुकानातून खेकसायची, ‘वाजवू नका हो, सरकतील ते!’

ते जुने फिल्टर कचऱ्यात जात असतील असं मी समजून चालले होते. एकदा सुट्या नटांचा डबा मागायला गाळ्यात आत गेले आणि मागच्या भिंतीवर पाहिलं. ओळीने खिळे, आणि खिळ्याखिळ्याला एकेक मळका फिल्टर. चौदा. प्रत्येकाच्या चौकटीवर पांढऱ्या रंगाने तारीख. एकाच्या घडीत कसल्याशा पाखराचा पिवळा पंख अडकला होता, तोही तसाच जपलेला. मी बघतच राहिले. मिस्त्री मागून आले आणि घसा खाकरून म्हणाले, ‘कुठे कुठे फिरते ते कळतं, ताई. फोनवर काही सांगत नाही ती.’

मी माझ्या स्वभावाप्रमाणे बोलून गेले, ‘मग सरळ सांगा ना तिला, एक दिवस राहा म्हणून.’

‘कोणत्या तोंडाने सांगू?’ ते म्हणाले. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, ‘मी तिला थांब म्हणायचं, ताई? मी?’

मी नटांचा डबा घेऊन परत आले.

त्यानंतर काही महिन्यांनी मिस्त्री सकाळी सकाळी काउंटरवर आले आणि म्हणाले, ‘तो धुवायचा फिल्टर असतो ना, कापडी, तो मागवा. वायसरच्या गाडीचा.’

मला वाटलं, उन्हाने डोकं फिरलं यांचं. कारण त्या फिल्टरची सर्वांत जास्त टिंगल कोणी केली असेल तर यांनीच. कागदी फिल्टर मळला की फेकायचा. हा कापडाच्या घड्यांचा. मळला की औषध मारून धुवायचा, वाळवायचा, हलक्या हाताने तेल द्यायचं आणि पुन्हा तोच बसवायचा. वर्षानुवर्षं चालतो. पण वाळवायचा सावलीत, आपोआप. ऊन नको, कारण कडेचं रबर वाकतं. कंप्रेसरची हवा नको, कारण कापड फाटतं. मिस्त्री म्हणायचे, ‘फिल्टर आहे का लोकरीचा स्वेटर? तोवर गाडी काय झोपून राहणार?’

मी मागवला. खोका आला तेव्हा म्हटलं, ‘मिस्त्री, दोन घ्या. सगळे दोनच घेतात. एक वाळतोय तोवर दुसरा गाडीत. गाडी थांबायला नको.’

‘एकच द्या,’ ते म्हणाले.

‘अहो, पण वाळेपर्यंत गाडी...’

‘थांबली तर थांबू दे.’

असं म्हणून त्यांनी खोका काखेत मारला. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. तोंडाने सांगता येत नव्हतं ते आता फिल्टर सांगणार होता. मी दोन मागवले होते. दुसरा वरच्या फळीवर ठेवून दिला.

पुढे वायसर आली त्या खेपेला मात्र तिला दहाच मिनिटं लागली, कारण नवा फिल्टर तेल लावूनच येतो. ‘पुढच्या वेळी धुवावा लागेल,’ मिस्त्री म्हणाले. कंपनीच्या पत्रकात लिहिलं होतं की पुष्कळ पल्ला झाल्याशिवाय धुवायची गरज नाही. ते पत्रक त्यांनी खोक्यातून काढून आधीच खिशात घातलं होतं. मी पाहिलं, गप्प बसले.

पुढचे सहा महिने या माणसाने काय केलं माहीत आहे? एक विक्रेता माझ्याकडे नमुन्याचा एक फाटका कापडी फिल्टर टाकून गेला होता, तो मागून नेला. रविवारी गाळा बंद असतो. त्या दिवशी सकाळी आठला तो धुतला आणि गाळ्यापुढच्या झाडाखाली टांगला. दहा वाजता वाळून खडखडीत. मिस्त्रींचं तोंड उतरलं. पुढच्या रविवारी दारातल्या चौकटीला टांगला. बारापर्यंत वाळला. त्याच्या पुढच्या रविवारी मी मुद्दाम बघायला गेले, तर त्यांनी तो अगदी मागे, जुन्या टायरांच्या ढिगामागे भिंतीला लावला होता. तिथे ऊन जात नाही, वारा जात नाही, मांजरसुद्धा जात नाही. चार वाजेपर्यंत ओला होता.

‘ही जागा बरोबर आहे, ताई,’ ते म्हणाले. इतके खूश मी त्यांना बऱ्याच वर्षांत पाहिले नव्हते.

आणि तिने कळवलेला तो दिवस आला. त्याच्या आदल्या दिवशी गाळा धुतला, दारातली जागा मोकळी ठेवली. एक गिऱ्हाईक गाडी लावायला लागलं तर त्याला म्हणाले, ‘उद्या या, उद्या नको, परवा या.’ त्या सकाळी डब्यात दोघांचं जेवण आणलं, स्वतः रांधून. कान रस्त्याकडे. तिच्या गाडीचा आवाज त्यांना कोपऱ्यावरून ओळखू येतो.

‘बाबा, दहा मिनिटं...’

‘उघडतो,’ म्हणाले. फिल्टर काढला, वर्तमानपत्रावर झटकला, औषध मारलं, नळ बारीक सोडून आतून बाहेर धुतला. तिला कळलं तोवर तो टायरांमागे टांगलेला होता.

‘किती वेळ लागेल वाळायला?’

‘चार वाजतील.’

‘चार? बाबा, आधी सांगायचं ना! मला दोन ठिकाणी पोचायचंय. हवा मारा की कंप्रेसरने.’

मिस्त्री कंप्रेसरच्या पुढे जाऊन उभे राहिले. ‘फाटतं कापड.’

‘मग झाडाखाली लावा, वारा आहे तिथे.’

‘धूळ बसते.’

‘बाबा, फिल्टर आहे तो. धुळीसाठीच असतो.’

मी इकडे तोंडावर पदर धरून हसत होते. पण पुढचं हसण्यासारखं नव्हतं. वायसर गाडीत बसून फोन करत राहिली. मांडीवर लॅपटॉप. मिस्त्री एकदा चहा देऊन आले, एकदा पाणी देऊन आले, एकदा उगाच गाडीची काच पुसून आले. फोन खांद्याने कानाशी धरूनच ती जेवली. त्यांनी वर्षं घालवून हा एक दिवस मिळवला होता, आणि त्या दिवसात बोलायचं काय, याचा विचारच केला नव्हता. सवय नव्हती ना. दोघांनाही.

अडीचला ती उठली. ‘आता वाळला असेल तेवढा. लावा.’

फिल्टर जवळजवळ वाळला होता. तेल देऊन वीस मिनिटं थांबायचं असतं, म्हणजे ते कापडात आपोआप पसरतं. ती घड्याळाकडे बघत उभी. मिस्त्रींना कापड मध्ये मध्ये पांढरं, म्हणजे कोरडं दिसलं, तिथे आणखी तेल दिलं. पुन्हा दिसलं, पुन्हा दिलं. खटके लावले, ती गेली.

चार दिवसांनी ते माझ्या काउंटरवर असताना तिचा फोन आला. हाताला ग्रीस, म्हणून त्यांनी कोपराने स्पीकर लावला.

‘बाबा, गाडी धक्के खात होती. इथे दाखवली. फिल्टरला तेल जास्त झालंय, ते पुढे सेन्सरवर जाऊन बसलं. यांनी साफ करून दिलं. विचारत होते, कुठल्या शिकाऊ माणसाने केलंय.’

मिस्त्रींचा चेहरा असा झाला की मी दुसरीकडे बघितलं. ‘मग काय सांगितलंस?’

‘सांगितलं, घाई माझी होती.’

मिस्त्रींनी ग्रीसचे हात फडक्याला पुसले. मग ती म्हणाली, ‘पुढच्या वेळी बघू, बाबा,’ आणि फोन ठेवला.

त्या ‘बघू’ने माणूस कुरतडून काढला. दर दोन-चार दिवसांनी रस्ता ओलांडून यायचे. ‘ताई, बघू म्हणजे काय हो? येईन म्हणाली, की आता नाही येत म्हणाली?’ मी म्हणायची, ‘फोन करून विचारा.’ ते मान हलवायचे. गिऱ्हाइकांना दहा मिनिटं म्हणायचं बंद झालं. ‘सांगतो,’ म्हणायचे नुसतं. सहा महिने झाले, सातवा लागला. दारातली ती एक जागा रोज मोकळी. कोपऱ्यावर तिच्या गाडीसारखा आवाज आला की काम टाकून उठायचे आणि नंबर बघून परत बसायचे. मला ते बघवत नव्हतं. माझंही काही कमी नव्हतं म्हणा. पोर माझ्या स्टुलावर वाढलेली, मलाही तिची आठवण येते, पण ते माझं मी बघून घेईन.

गेल्या आठवड्यात ते आले आणि म्हणाले, ‘कागदी फिल्टर द्या वायसरच्या गाडीचा. आली तर तोच बसवून देतो. दहा मिनिटांत सुटेल ती.’

‘आणि तो धुवायचा?’

‘फार झालं ते, ताई. तिला अडकवून ठेवलं मी. बरं नाही केलं.’

मी दिला. काय करणार?

काल सकाळी, मी नुकतंच दुकान उघडून उदास तोंडाने धूळ झटकत होते, तर समोर वायसर उभी. गाडी बापाच्या गाळ्यापुढे न लावता अलीकडे माझ्याकडे लावलेली. केसात एक-दोन पांढरे दिसले.

‘आत्या, बाबांनी बसवलाय ना, तो कापडी फिल्टर. तसाच अजून एक दे.’

‘का गं?’

‘तिकडचे मिस्त्री म्हणाले, लोक दोन ठेवतात. एक वाळेपर्यंत दुसरा लावायचा. म्हणजे बाबांची तारांबळ नको आणि मला थांबायला नको.’

तिचं म्हणणं अगदी रास्त होतं. मीच नव्हतं का सांगितलं, दोन घ्या म्हणून? आणि तीस वर्षांत मी गिऱ्हाइकाला दुकानात असलेली वस्तू नाही म्हटलेली नाही. वडिलांची शिकवण आहे ती. चुकीचा भाग देणार नाही, असलेला भाग लपवणार नाही.

‘संपलाय,’ मी म्हटलं.

तिची नजर माझ्या डोक्यावरून वर गेली, वरच्या फळीवर, डावीकडून तिसऱ्या खोक्यावर. मी मागे वळून बघितलं नाही. बघायची गरजच नव्हती. नंबर वाचायला तिला मीच बसवलं होतं.

‘संपला?’ तिने हळूच विचारलं.

‘संपला म्हणजे संपला. किती वेळा सांगू?’ मी खेकसले. माझे डोळे भरून आले होते आणि खेकसल्याशिवाय ते लपले नसते.

‘आणि तेव्हाच दोन का नाही घेतले बाबांनी?’

‘मी म्हटलं होतं त्यांना. गाडी थांबायला नको म्हणून. म्हणाले, थांबली तर थांबू दे.’

तिने रस्त्यापलीकडे बघितलं. तिकडे मिस्त्री गाडीचा आवाज ऐकून बाहेर आले होते आणि दारातली जागा रिकामीच बघून गोंधळून उभे होते. हातात कागदी फिल्टरचा खोका. वायसरने फोन काढला, बंद केला आणि माझ्या काउंटरवर ठेवला, पूर्वी दप्तर ठेवायची त्याच कोपऱ्यात.

‘हा राहू दे तुझ्याकडे,’ म्हणाली.

गाडी तिने समोर नेऊन त्या मोकळ्या जागेत लावली. मी दारात येऊन उभी राहिले. उगाच सभ्यपणा कशाला सांगू, एक शब्द सुटू नये म्हणूनच आले.

मिस्त्री लगबगीने पुढे झाले. ‘कागदी आणून ठेवलाय. हा बसवतो, मग तुला पुन्हा...’

वायसरने त्यांच्या हातातला खोका काढून घेतला आणि बाकावर ठेवला. ‘हा नको, बाबा. तो धुवा.’

‘अगं, तुला जायचं असेल.’

‘धुवा तुम्ही. आणि झाडाखाली नका लावू. मागेच लावा, टायरांच्या मागे.’

मिस्त्री जागच्या जागी उभे. तिच्याकडे बघतायत, मग खाली बघतायत, मग हात पुसतायत. ते हात आधीच कोरडे होते. शेवटी बॉनेट उघडलं, एकेक करून चार खटके काढले. फिल्टर बाहेर काढून दोन्ही हातांत धरला.

‘किती वेळ लागेल?’ वायसरने विचारलं.

सकाळचे नऊ वाजले होते. त्यांना तासन्‌तास मोजून माहीत होतं किती वेळ लागेल ते. तोंड उघडलं आणि चाळीस वर्षांच्या सवयीने तेच निघालं.

‘दहा मिनिटं,’ मिस्त्री म्हणाले.

म्हणाले आणि त्यांचं त्यांनाच ऐकू आलं. चेहरा पांढरा पडला. ते काहीतरी सावरून घ्यायला जाणार होते, पण वायसरने तेवढ्यात भिंतीजवळचा रिकामा ऑइलचा ड्रम सावलीत ओढून घेतला होता.

‘थांबते मी,’ ती म्हणाली आणि त्यावर बसली.